फायवेअर : युरोपच्या सार्वजनिक निधीतून घडलेल्या व्यासपीठाचे परीक्षण

फायवेअर, म्हणजे शहरातल्या वस्तूंची माहिती एकमेकींशी जोडणारे खुले सॉफ्टवेअर व्यासपीठ, शिकायला बसणाऱ्याची पहिली ओळख होते ती बर्लिनमधल्या दुकानांशी. अधिकृत धड्यांमध्ये बोर्नहोल्मर रस्त्यावरचे ‘बोझेब्र्युके आइनकाउफ’ आणि फ्रीडरिश रस्त्यावरचे ‘चेकपॉइंट मार्क्ट’ अशी दोन दुकाने सुरुवातीलाच भेटतात. जुन्या भिंतीवरच्या दोन प्रसिद्ध नाक्यांची आठवण त्या नावांत कोणीतरी खोडकरपणे ठेवून दिली आहे. ब्रांडेनबुर्ग दरवाजापासून दीड किलोमीटरच्या आत कोणती दुकाने आहेत, हा प्रश्न ओरायन नावाच्या सर्व्हरला विचारला की तो क्षणात उत्तर देतो. त्या एका प्रश्नोत्तरात या सगळ्या खटाटोपाचे सार आले आहे. वस्तू कोणतीही असो, ती दुकान असो, कचराकुंडी असो किंवा बसथांबा, तिची आत्ताची स्थिती एका ठरलेल्या भाषेत एकाच ठिकाणी विचारता यावी, एवढेच फायवेअरला साधायचे आहे.

हे व्यासपीठ बाजारातून आलेले नाही, आणि परीक्षण करताना ती गोष्ट विसरता येत नाही. युरोपीय आयोगाने 2011 साली ‘भविष्यातील इंटरनेट’ या नावाने सरकार आणि उद्योग यांची भागीदारी सुरू केली व तिच्यासाठी सुमारे 30 कोटी युरोंचा सार्वजनिक निधी राखला. टेलिफोनिका, ऑरेंज, ॲटॉस आणि इटलीची इंजिनीअरिंग अशा कंपन्या, ज्या एरवी एकमेकींचे ग्राहक ओढण्यात गुंतलेल्या असतात, त्या एका टेबलाभोवती बसल्या. पुढे 16 प्रवेगकांमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या कार्यक्रमांमार्फत, नवउद्योगांना 8 कोटी युरोंचे अनुदान देण्यात आले, आणि 2016 मध्ये बर्लिन येथे फायवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन होऊन निधीचा काळ संपल्यानंतरची जबाबदारी तिच्याकडे गेली. सरकारी प्रकल्पाचा अहवाल छापला गेला की प्रकल्प फडताळात जातो, हा अनुभव युरोपलाही नवा नाही. फायवेअर फडताळात गेले नाही, याचे श्रेय मला या संस्थेला द्यावेसे वाटते.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. केंद्रस्थानी आहे ओरायन, म्हणजे ‘कॉन्टेक्स्ट ब्रोकर’. ब्रोकर म्हटले की आपल्याकडे जागेचा दलाल डोळ्यांसमोर येतो आणि उपमा अगदीच चुकीची नाही, कारण माहिती देणारा आणि माहिती घेणारा यांची एकमेकांशी ओळख असण्याची गरज हा मध्यस्थ संपवतो. सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेला हा सर्व्हर मोंगोडीबी या डेटाबेसवर चालतो, 1026 क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो आणि प्रत्येक प्रोग्राम स्वतंत्र ‘कंटेनर’मध्ये चालवणाऱ्या डॉकरच्या साहाय्याने साध्या लॅपटॉपवरही थोड्या मिनिटांत उभा राहतो. प्रत्येक वस्तू म्हणजे एक ओळखक्रमांक, एक प्रकार आणि काही गुणधर्म, इतकी त्याची मांडणी सुटसुटीत आहे. पार्किंगची जागा रिकामी झाल्यावर मला कळव, अशी मागणी (सबस्क्रिप्शन) नोंदवून ठेवली की पुन्हापुन्हा विचारत बसावे लागत नाही. सूचनांचा मारा होऊ नये म्हणून दोन सूचनांमधले किमान अंतरही ठरवून देता येते. इतकी स्वच्छ रचना मी फार थोड्या समितीजन्य सॉफ्टवेअरमध्ये पाहिली आहे.

मात्र ओरायनला कालचे काही आठवत नाही. तो केवळ सद्यःस्थिती सांभाळतो. इतिहास हवा असेल तर क्वांटमलीप किंवा सिग्नस जोडावा लागतो, त्याच्यामागे क्रेटडीबी किंवा टाइमस्केल यांसारखा वेगळा डेटाबेस बसवावा लागतो, आणि सेन्सर ज्या बोलीत बोलतो तिचे भाषांतर करण्यासाठी ‘आयओटी एजंट’ नावाचा आणखी एक दुभाषा ठेवावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ओरायनमध्ये स्वतःची प्रमाणीकरणाची, म्हणजे विचारणारा कोण हे तपासण्याची, सोय नाही. त्यासाठी कीरॉक हा ओळखव्यवस्थापक आणि विल्मा हा द्वारपाल पुढे उभा करावा, असे कागदपत्रांतच लिहिले आहे. जो नवशिका धडे पूर्ण केल्याच्या उत्साहात तीच मांडणी उचलून थेट इंटरनेटवर ठेवेल, तो आपल्या शहराचा डेटा चव्हाट्यावर मांडून बसेल. प्रत्येक भाग सुटा असणे हे तत्त्व म्हणून योग्य आहे. पण एका साध्या प्रकल्पासाठी सहा-सात कंटेनर सांभाळताना, निरनिराळ्या भागीदारांनी आपापला वाटा आणून ठेवल्याच्या खुणा जागोजागी दिसतात.

दुसरी अडचण भाषेच्या फाट्याची आहे. ब्रोकरशी बोलण्याची भाषा म्हणजे एनजीएसआय. ओपन मोबाइल अलायन्स या उद्योगसंघाच्या मूळ एनजीएसआयपासून निघालेली दुसरी आवृत्ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. दरम्यान एत्सी या युरोपीय मानकसंस्थेने जानेवारी 2019 मध्ये एनजीएसआय-एलडीचे पहिले विनिर्देश प्रसिद्ध केले, ज्यात वस्तूंमधील नातीही नोंदवता येतात. ही नवी भाषा विचाराने सरस आहे. पण मूळ ओरायन ती बोलत नाही. तिच्यासाठी ओरायन-एलडी, एनईसी कंपनीचा स्कॉर्पिओ किंवा स्टेलिओ यांतून निवड करावी लागते. त्यामुळे धड्यांचे दोन संच, उदाहरणांचे दोन संच, आणि कोणता घटक कोणत्या भाषेत बोलतो याची खातरजमा करण्यात जाणारा वेळ, ही किंमत प्रत्येक नव्या वापरकर्त्याने मोजायची असते.

एक बारीक गोष्ट मराठी वापरकर्त्यांसाठी. गुणधर्माच्या मूल्यात देवनागरी मजकूर बिनदिक्कत साठवता येतो, पण एनजीएसआयच्या दुसऱ्या आवृत्तीच्या विनिर्देशानुसार ओळखक्रमांक व गुणधर्मांची नावे साध्या आस्की, म्हणजे इंग्रजी संचातल्या, अक्षरांतच असावी लागतात. शिवाय ओरायन मजकुरात कंस, अवतरणचिन्हे आणि अर्धविराम स्वीकारत नाही. सुरक्षिततेचे कारण समजण्यासारखे आहे, तरीही ‘कोथरूड (पश्चिम)’ हे नाव सर्व्हर नाकारतो तेव्हा नियम करताना आपला कोणी त्या खोलीत नव्हता हे जाणवते.

मग या सार्वजनिक खर्चातून नेमके काय पदरात पडले? माझ्या मते ओरायन हे त्याचे खरे फळ नव्हे. खरे फळ म्हणजे ‘स्मार्ट डेटा मॉडेल्स’ हा शब्दसंग्रह. पथदिवा, हवेची गुणवत्ता, पार्किंगची जागा यांचे वर्णन कोणत्या नावांनी आणि कोणत्या एककांत करायचे, हे त्यात ठरवून खुले ठेवले आहे. स्पेनमधील सांतांदेर शहराने 2010 पासून सुमारे 12,000 उपकरणे रस्त्यांवर, दिव्यांवर आणि वाहनांवर बसवून मोठा प्रयोग केला. पण एका शहरासाठी लिहिलेले ॲप दुसऱ्या शहरात चालत नाही, तोवर अशा प्रयोगाला प्रयोगशाळेबाहेर अर्थ नसतो. 2017 मध्ये आयोगाने सुमारे 10 कोटी युरो देऊन आरोग्य, शेती, वाहने, शहरे इत्यादींसाठी पाच मोठे पथदर्शी प्रकल्प सुरू केले. त्यांतील सिंक्रोनिसिटीने अँटवर्प, आइंडहोव्हन, हेलसिंकी, मँचेस्टर, मिलान, पोर्तो, सांतांदेर आणि स्वित्झर्लंडमधील कारूज या आठ ठिकाणी हाच प्रश्न हाती घेतला. त्यातून ‘किमान सुसंवादाच्या यंत्रणा’ ही कल्पना पुढे आली. सगळी व्यासपीठे एकसारखी असण्याचा हट्ट तिने सोडला आणि फक्त सांधे जुळण्याइतके एकमत पुरेसे मानले. कोणतीही एक कंपनी आपल्या खर्चाने हे काम करणार नाही, कारण त्यातून तिचा ग्राहक सुटा होतो. सार्वजनिक पैसा इथे योग्य जागी लागला, असे मला ठामपणे वाटते.

या शब्दसंग्रहाच्या भागीदारांत फायवेअर फाउंडेशन, टीएम फोरम ही दूरसंचार उद्योगाची संघटना आणि ओपन अँड अजाइल स्मार्ट सिटीज हे शहरांचे जाळे यांच्या बरोबरीने आपला आययूडीएक्स, म्हणजे शहरी डेटाच्या देवाणघेवाणीचा भारतीय उपक्रम, हाही आहे. पुण्यातील हवेच्या नोंदी ज्या आययूडीएक्समधून उपलब्ध झाल्या, त्याच्यापर्यंत ब्रुसेल्सच्या निधीतून सुरू झालेल्या विचाराचा धागा असा येऊन पोहोचतो.

घरात किंवा शेतात पाच-दहा सेन्सर लावून पाण्याची पातळी पाहायची असेल, तर फायवेअरच्या वाटेला जाऊ नये. सेन्सरचे छोटे संदेश पोहोचवणारा साधा एमक्यूटीटी सर्व्हर आणि ते चित्ररूपाने जोडून देणारे नोड-रेड पुरेसे आहेत, आणि ते एका दुपारी उभे राहतात. महापालिका, बंदर, औद्योगिक वसाहत अशा ठिकाणी मात्र दिव्यांचा ठेकेदार एक, कचऱ्याचा दुसरा आणि बसचा तिसरा असतो आणि पाच वर्षांनी तिघेही बदलणार असतात. तिथे निविदेत विशिष्ट उत्पादनाचे नाव घालण्याऐवजी एनजीएसआय-एलडी व ठरलेली डेटा मॉडेल्स यांची अट घालावी आणि ब्रोकर कोणता हे ठेकेदारावर सोडावे. ओरायनचा परवाना एजीपीएल, म्हणजे त्यावर बेतलेला कोडही खुला ठेवण्याची अट घालणारा, आहे म्हणून बिचकण्याचे कारण नाही. केवळ त्याच्याशी संवाद साधणाऱ्या ॲपवर ती अट लागू होत नाही, असा खुलासा परवान्यासोबतच जोडलेला आहे. परवान्याला पैसे पडत नाहीत हे खरे असले, तरी हे सात कंटेनर रात्री दोन वाजता उठवू शकणारा एक माणूस पगारावर ठेवावा लागतो, आणि ती रक्कम अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी धरावी.