नऊ महिने हरणाच्या खाण्यावर: खंड्याची खाज, माझे हिशेब

खंड्या आमचा गावठी कुत्रा. फोंड्याच्या बाजारात सापडलेला, वय पाच, वजन १८ किलो. मागच्या पावसात त्याने पंजे चाटून चाटून तांबडे केले आणि कान खाजवून अक्षरशः सोलले. गोचीड, बुरशी, सगळं तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, खाण्याची ॲलर्जी वाटते. आठ आठवडे त्याने जन्मात न खाल्लेलं एकच मांस द्या, बाकी कणभरही नको.

गोव्यातल्या कुत्र्याने न खाल्लेलं मांस शोधून दाखवा! कोंबडी रोजचीच. बांगड्या-तारल्यांची डोकी पिल्लू असल्यापासून. शेजारून बीफची हाडं यायची. डुकराचं मांस आमच्या घरात शिजत नाही, पण गल्लीतल्या लग्नांनंतर खंड्याने ते सोडलं असेल यावर माझा विश्वास नाही. उरलं हरीण, म्हणजे न्यूझीलंडमध्ये पाळलेल्या हरणांच्या मांसाचं पिशवीबंद कोरडं खाणं. सासूबाई म्हणाल्या, "माणसांनी हरीण चित्रात बघायचं, आणि ह्याला वाटीत!"

वाळपईकडच्या एका नातेवाइकाने हळूच सुचवलं, "वयनी, इतके पैसे कशाला घालवता? मेरवाचं, म्हणजे सांबराचं, मटण आणून देतो." साफ नाही म्हटलं. मेरू, चितळ, भेकर सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. तुरुंगात जायचं काम. शिवाय बंदुकीने मारलेल्या जनावराच्या मांसात शिशाचे कण राहतात, आणि कच्च्या रानमांसात जंत असू शकतात. फ्रीझरने काही जंत मरतात, जिवाणू मात्र मरत नाहीत.

आता खाण्याबद्दल. पहिली पिशवी पूर्ण फुकट गेली. पुढे मोठ्ठं हरीण छापलेलं, मागे बारीक अक्षरांत 'चिकन मील' आणि 'चिकन फॅट'. तीन आठवडे खाज तशीच, आणि मी चष्मा लावून घटक वाचले ते त्यानंतर. म्हणून घेताना मागची बाजू आधी वाचा. मांस एकाच प्राण्याचं, चरबीसुद्धा. दुसरी चूक घरचीच: गोचिडीची चघळायची गोळी. ती मांसाच्या चवीची असते हे डोक्यातच आलं नाही. डॉक्टरांनी बदलून दिली. सासूबाईंनी दारामागून दिलेला पोळीचा तुकडा तर मोजतच नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.

नवं खाणं जुन्यात मिसळत आठवड्याभरात वाढवलं, तरी पहिले चार-पाच दिवस शी पातळ होती. मग घट्ट. चौथ्या आठवड्यात रात्रीचं चाटणं थांबलं, सातव्यात पंजांवर केस आले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की खाण्याचीच ॲलर्जी असेल तर बहुतेक कुत्र्यांना पाच आठवड्यांत फरक दिसतो, नव्वद टक्क्यांहून जास्त कुत्र्यांना आठपर्यंत. फेब्रुवारीत त्यांच्या सांगण्यावरून उकडलेली कोंबडी दिली. तिसऱ्या दिवशी कान लाल. गुन्हेगार सापडला!

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हरणाच्या मांसात खाज घालवणारं काही औषध नाही. ते खंड्याच्या शरीराला अनोळखी होतं, एवढंच. २०१६ च्या एका आढाव्यात खाण्याची ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांपैकी ३४ टक्के बीफने, १७ टक्के दुधाने आणि १५ टक्के कोंबडीने त्रासलेले होते. खंड्याचा त्रास बीफचा असता तर हरीणही कदाचित चाललं नसतं, कारण दोन्ही रवंथ करणारी जनावरं, त्यांची प्रथिनं बरीच सारखी. आमचं नशीब की कोंबडी निघाली.

कोरड्या खाण्यासोबत मी डबाबंद हरणाचं मांसही घेतलं होतं, खंड्या त्यावर तुटून पडायचा म्हणून. मार्चमध्ये तीन आठवडे जवळजवळ तेवढंच दिलं. डॉक्टरांनी डबा उलटा धरून दाखवलं: 'कॉम्प्लिमेंटरी', 'कंप्लीट' नाही. म्हणजे जोडीला देण्याचं, रोजचं जेवण नव्हे. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही. महिनोन्महिने असं चाललं तर हाडं ठिसूळ होतात. हरणाचं मांस आधीच बिनचरबीचं, १०० ग्रॅममध्ये प्रथिनं साधारण २२ ग्रॅम आणि चरबी दोन-तीन ग्रॅम. कॅल्शियम भरायला शिजवलेलं हाड देऊ नका. ते सुरीसारखं फुटतं आणि आतडं फाडतं.

साठवण्याची गोष्ट आपल्या हवेला धरून. जूनमध्ये चिमटा लावलेली पिशवी चार दिवसांत मऊ पडली, वास कुबट आला. दीड किलो टाकून दिलं, कारण बुरशीचं विष यकृतावर जातं. आता स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, एका वेळी आठवड्याचंच. डबाबंद मांस उघडल्यावर फ्रिजमध्ये दोन दिवस, वीज गेली तर तेवढंही नाही.

खर्च महिन्याला नऊ हजारांच्या घरात. विक्रेत्याने दोनदा माल नाही म्हणून तारीख पुढे ढकलली. एकदा तर आठ दिवस खंड्या डॉक्टरांनी दिलेल्या नमुन्याच्या पुड्यांवर होता. म्हणून या खाण्याला माझे गुण पाचपैकी साडेतीनच.

जूनमध्ये बांगड्याची परीक्षा घेतली. दोन आठवडे, काही झालं नाही. मग जुलैपासून माशाच्या खाण्यावर आणलं, तेही 'कंप्लीट', खर्च निम्म्याहून कमी. हरणाची एक पिशवी राहिली आहे, तीही आता मिसळून संपवतेय. चतुर्थीला घरात कोंबडी शिजणार नाही, पण ज्या पाहुण्यांच्या पिशवीतून चिकन पफ निघतो ते येणारच, त्यामुळे तेवढे दिवस खंड्या मागच्या अंगणात, दार कडी लावून.