फंग युशियांग घ्यावा की यान शिशान?

सेमिनारला चीनचा वॉरलॉर्ड काळ (प्रांतोप्रांती लष्करी सरदारांचं राज्य होतं तो) आलाय आणि या दोघांत अडकला असाल तर माझं मत सांगतो. फंगचं 'ख्रिश्चन जनरल' वगैरे बिरुदं आधी बाजूला ठेवा.

टिकाऊपणात यान सरळ पुढे, 1911 पासून 1949 पर्यंत मधले काही खंड सोडले तर शान्शी प्रांत त्याच्याच हातात. डोंगराळ मुलूख, त्यात रेल्वे मीटर गेज, बाहेरच्या रुळांपेक्षा अरुंद, म्हणजे शेजाऱ्याची सैन्याची गाडी थेट आत घुसायची सोयच नाही, पक्का हिशेबी माणूस!

फंगला असा कायमचा मुलूख कधी मिळालाच नाही, पण फौज बघा ना, दारू, जुगार, अफू बंद, प्रार्थनागीतं म्हणत कवायत आणि जवानांना हातकामही शिकवायचा. निष्ठेचं मात्र विचारू नका. ऑक्टोबर 1924 मध्ये त्याचाच वरिष्ठ सेनापती वू पेइफू आघाडीवर लढत असताना हा मागे फिरला, बीजिंग घेतलं आणि पुढच्याच महिन्यात माजी सम्राट पुयीला राजवाड्यातून बाहेर काढलं.

1930 मध्ये दोघं मिळून राष्ट्रवादी सरकारचा नेता चांग कै-शेकवर चालून गेले आणि दोघंही आपटले. यान नंतर शान्शीत परतला, फंगची फौज गेली ती गेलीच.

कारभार, रेल्वे, उद्योग यावर बोलायचं असेल तर यान घ्या. शिस्त, धर्म, दगाबाजी असं रंगतदार हवं असेल तर फंग.