अशोक चौकाजवळचा ग्रामर क्लास : प्रोनाउनसाठी तरी नक्की लावा

पोरगी आठवीत आहे, सेमी इंग्लिशला, आणि इंग्रजीच्या पेपरात दरवेळी प्रोनाउनलाच, म्हणजे सर्वनामांनाच, मार्क जायचे म्हणून सोलापुरात अशोक चौकाजवळ एका छोट्या ग्रामर क्लासला घातलं. एकच मॅडम शिकवतात, पहिल्या मजल्यावर, पूर्ण ग्रामरची फी अडीच हजार. पालकांना मागं बसून ऐकू देतात त्यामुळं प्रोनाउनचे बरेच तास मी स्वतः ऐकलेत आणि त्यावरच लिहायलोय, टेन्स आणि व्हॉइस अजून चालू आहे.

बाकी ठिकाणी कसं शिकवतात माहितीय ना, बोर्डावर पर्सनल, पझेसिव्ह, रिफ्लेक्झिव्ह, डेमॉन्स्ट्रेटिव्ह, रिलेटिव्ह अशी यादी लिहायची, व्याख्या पाठ करून घ्यायची, झालं. पोरांना व्याख्या तोंडपाठ आणि वाक्य मात्र चुकलेलं. या मॅडमनी पहिल्याच तासाला विचारलं, घरात कोणती भाषा बोलता? आता पूर्व भागातला क्लास म्हटल्यावर निम्मी पोरं तेलुगू, काही कन्नड, काही घरी उर्दू बोलणारी, उरलेले आपण मराठी. आणि मग त्यांनी दाखवलं की प्रत्येकाची चूक त्याच्या घरच्या भाषेतनं येते, आणि हे मी तरी दुसऱ्या कुठल्या क्लासला ऐकलं नव्हतं.

म्हणजे बघा, आपल्याला खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते. म्हणून आपली पोरं बिनधास्त लिहितात 'द चेअर इज ओल्ड, शी इज ब्रोकन'. इंग्रजीत वस्तूला इट, विषय संपला. कन्नड पोरांना हे सांगावंच लागत नाही कारण त्यांच्यात माणसाला अवनु-अवळु आणि वस्तूला सरळ अदु. उर्दूवाल्या पोरांचं वेगळंच, त्यांच्यात मुलगा असो मुलगी असो 'वो'च, बाई की माणूस ते क्रियापदावरनं कळतं, त्यामुळं बहिणीबद्दल लिहिताना मधेच 'शी'च्या जागी 'ही' येतं. मॅडम कोणाला रागवत नाहीत, तुझ्या भाषेत हे असं आहे, इंग्रजीत तसं नाही, एवढंच सांगतात आणि पोरगं लगेच पकडतं.

सगळ्यात भारी तास 'वी'चा झाला. बोर्डावर लिहिलं, 'वी आर गोइंग टू द गड्डा यात्रा', आणि विचारलं, ऐकणारा यात्रेला चाललाय का नाही? आपण म्हणालो तर तो बरोबर आहे, आम्ही म्हणालो तर नाही. तेलुगू पोरं लगेच ओरडली, मनम आणि मेमु! त्यांच्यात पण अगदी तसेच दोन शब्द आहेत. कन्नडमध्ये नावु एकच, इंग्रजीत वी एकच, तिथं पुढच्या-मागच्या वाक्यावरनंच ओळखायचं. तसंच 'हिज'चं, रवीनं सुरेशला आपली सायकल दिली म्हटलं की सायकल रवीची हे आपल्याला कळतं, 'त्याची' म्हटलं की बहुतेक सुरेशची किंवा तिसऱ्याच कोणाची, पण इंग्रजीत दोन्हीकडं हिज, म्हणून गोंधळ व्हायला लागला की सरळ नाव परत लिहा असं त्यांनी सांगितलं.

मायसेल्फवर पण चांगला वेळ दिला आणि तो द्यायलाच पाहिजे, मुलाखतीला जाणारी पोरं अजून 'मायसेल्फ अमुक तमुक' अशीच सुरुवात करतात. 'आय ॲम' म्हणा, नाहीतर 'माय नेम इज'. रिफ्लेक्झिव्ह आणि एम्फॅटिक ओळखायची युक्ती एकदम सोपी, शब्द काढून बघा. 'आय मायसेल्फ कुक्ड इट' मधनं मायसेल्फ काढलं तरी वाक्य उभं राहतं, म्हणजे तो नुसता जोर देण्यासाठी, एम्फॅटिक. 'शी सॉ हरसेल्फ इन द मिरर' मधनं हरसेल्फ काढलं तर आरशात तिनं काय बघितलं हेच कळत नाही, म्हणजे काम तिच्यावरच परत येतं, रिफ्लेक्झिव्ह. माझ्या पोरीला हे एका तासात बसलं.

रिलेटिव्हमध्ये (हू, विच असे वाक्यं जोडणारे शब्द) पण घरच्या भाषेचीच चूक, आपलं 'जो आला तो माझा काका' डोक्यात असतं म्हणून पोरं हू लिहून वर परत एक ही घालतात, 'द मॅन हू केम, ही इज माय अंकल'. तो जादाचा ही काढा, बाकी वाक्य ठीक आहे. 'दिस' एकटा आला तर प्रोनाउन, 'दिस पेन' म्हटलं की ॲडजेक्टिव्ह, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी हे नीट बघून ठेवा.

आता जे पटलं नाही ते. हू आणि हूम घाईघाईत उरकलं, दोनचार उदाहरणं आणि पुढं, तिथं अजून एक तास पाहिजेच होता. झेरॉक्स नोट्स फिकट आहेत, इट्सवरची ॲपॉस्ट्रॉफी दिसतच नाही, आणि तीच दिसली नाही तर 'त्याचं' आणि 'इट इज' यातला फरक पोरांनी ओळखायचा कसा? नोट्समध्ये 'ईच अदर' दोघांसाठी आणि 'वन अनदर' दोघांपेक्षा जास्त लोकांसाठी असा एकदम पक्का नियम दिलाय, परीक्षेला तसंच लिहा, पण इंग्रजी बोलणारे लोक हा फरक पाळतातच असं नाही आणि हे पोरांना सांगायला हवं होतं. बॅच पण जरा मोठी आहे, मागच्या बेंचवरनं बोर्ड दिसत नाही आणि खाली गाडी लावायला जागा नाही.

तरी माझ्याकडनं पाचपैकी चार. फी भरायच्या आधी एक तास ऐकायला मिळतो, विचारून घ्या, आणि पोराला पुढच्या दोनतीन बेंचवर जागा मिळेल एवढं लवकर पाठवा. फक्त हूमसाठी लावणार असाल तर आधी मॅडमशी बोलून घ्या, वेगळा वेळ मागितला तर त्या नाही म्हणत नाहीत.