एका दिवसाचं पुणे : पेठांत फिरावं की येरवड्याकडं जावं?

पाहुणे येतात, हाताशी एकच दिवस असतो आणि यादी भली मोठी : शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस, शिंदे छत्री, जमलं तर सिंहगड. सिंहगड आधीच वगळा, त्याला वेगळा दिवस हवा. उरलेल्या ठिकाणांचे सरळ दोन बेत होतात. एक पेठांचा, दुसरा येरवडा ते वानवडीचा. सगळंच एका दिवसात उरकायला गेलात तर दिवसभर वाहतुकीत अडकून पडाल.

पेठांचा बेत पायी करायचा. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता दोन्ही एकेरी, गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. कसबा पेठ किंवा मंडई स्थानकात मेट्रोतून उतरलात की पुढचं सगळं चालण्यासारखं आहे.

शनिवारवाड्याबद्दल आधीच सांगून ठेवतो : आत राजवाडा नाही. १० जानेवारी १७३० रोजी पहिल्या बाजीरावांनी पाया घातला. १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या. आता तटबंदी, दरवाजे, जोती, कारंज्याचा हौद आणि हिरवळ उरली आहे. नारायणरावांच्या खुनाची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते, पण ती घडलेल्या खोल्या पाहायला मिळत नाहीत. पाहावा तो दिल्ली दरवाजा. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेले टोकदार खिळे जवळ जाऊन बघा, मग वर नगारखान्याकडे मान करा. एवढ्याला पाऊण तास पुरे. जोत्यांवर काय उभं असेल याचा अंदाज हवा असेल तर विश्रामबाग वाड्यासमोर थांबा. तो दुसऱ्या बाजीरावाचा, म्हणजे पुष्कळ नंतरचा. पण दर्शनी भागातलं कोरीव लाकूडकाम बाहेरून पाहिलं तरी मन भरतं.

या बेतातलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणजे राजा दिनकर केळकर संग्रहालय. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारापासून घरगुती वस्तू जमवायला घेतल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं हे संग्रहालय उभं राहिलं. १९६२ मध्ये त्यांनी सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. इथं तलवारी आहेत, कोथरूडहून हलवून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही आहे. तरी माझं पाऊल अडतं ते अडकित्त्यांपाशी. सुपारी कातरायचं साधं हत्यार, पण कुणा कारागिरानं त्याच्या दोन पात्यांत पोपट बसवला, कुणी माणसांची जोडी. टाचा घासायच्या वज्रीवरसुद्धा प्राणी, पक्षी आणि माणसं. दिवे, कुलपं, पानाचे डबे, वाद्यं, दारं... ज्यांची नावं कुठल्याही बखरीत नाहीत त्या माणसांचं रोजचं जगणं इथं दिसतं. संग्रह २०,००० वस्तूंच्या आसपासचा, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच, आणि तेवढ्यालाही दोन तास कमी पडतात.

त्याच दिवसात गंज पेठेतला महात्मा फुले वाडा अवश्य घाला. पर्यटकांच्या यादीत तो क्वचित असतो, याचं मला वाईट वाटतं. जोतिराव-सावित्रीबाईंचं हे राहतं घर. आवारातला हौद त्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. पेशवाई पाहून इथं आलात की पुण्याच्या इतिहासाची दुसरी बाजू कळते.

दुसऱ्या बेतात ठिकाणं कमी, अंतरं जास्त. हा बेत करायचं मुख्य कारण आगाखान पॅलेस. तिसरे आगाखान यांनी १८९२ मध्ये दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून तो बांधून घेतला. ‘चले जाव’नंतर ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना इथं स्थानबद्ध केलं गेलं. आठवडाही झाला नाही तोच, १५ ऑगस्टला, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. गांधीजी ६ मे रोजी सुटले, ते या दोघांना मागे ठेवून. खोल्या आणि छायाचित्रं पाहून बरेच जण परततात; मागच्या बाजूच्या समाध्या न पाहता निघू नका.

तिथून पुणे स्टेशनकडे येताना क्वीन्स गार्डनमधलं आदिवासी संग्रहालय घ्या : मुखवटे, वारली चित्रं, दागिने, अवजारं, आणि गर्दी अजिबात नाही. शेवटी वानवडीची शिंदे छत्री, म्हणजे महादजी शिंद्यांचं स्मारक. पानिपतातून जखमी होऊन वाचलेले आणि पुढं दिल्लीच्या राजकारणावर पकड बसवणारे महादजी शिंदे १७९४ मध्ये वानवडीतच वारले. जागा देखणी आहे, अर्ध्या तासात होते.

निवड सोबत कोण आहे त्यावर करा. गुडघे दुखणारे आई-वडील बरोबर असतील तर येरवड्याकडं जा. रिक्षा थेट फाटकाशी जाते, आवारात सावली आहे, निवांत बसता येतं. हुंदडणाऱ्या मुलांनाही तिथली मोकळी जागा बरी. चालायची तयारी असेल आणि मध्येच मिसळ, तुळशीबागेतली खरेदी हवी असेल तर पेठा. पावसाळ्यातही मी पेठाच सुचवीन, कारण दिवसाचा मोठा भाग केळकर संग्रहालयात छपराखाली जातो. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र हा बेत नको. रस्ते बंद असतात आणि गर्दीत संग्रहालयापर्यंत पोचणंच अवघड होतं. तिकिटांच्या खर्चामुळं निवड बदलावी एवढा फरक नाही.

पुण्यात पहिल्यांदाच येणाऱ्या धडधाकट माणसाला मी पेठाच सांगेन. आगाखान पॅलेस चुकवायचाच नसेल तर सकाळी तो पाहा, कल्याणीनगर स्थानकातून मेट्रो धरा, जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून मंडईला उतरा आणि दुपार केळकर संग्रहालयाला द्या. मग शनिवारवाडा बाहेरून, दिल्ली दरवाज्यापुरता.