आयकियाची ‘मेटोड’: जर्मनीतल्या रिकाम्या स्वयंपाकघरात कशी बसते?

जर्मनीत फ्लॅट विकत घेतला की स्वयंपाकघर म्हणून बऱ्याचदा चार भिंती, पाण्याचे दोन व्हॉल्व्ह, सांडपाण्याचा एक पाइप आणि भिंतीतून डोकावणारी एक जाड वायर एवढंच हाती पडतं. आधीचा मालक कपाटं, सिंक, कधी कधी दिवेसुद्धा उचलून नेतो. आपल्याकडे ओटा घराचा भाग असतो, इथे तो सामान असतो.

ओटा सामान असल्याचा एक फायदा मात्र होतो. विकणारा त्याचं किचन मागे ठेवणार असेल, तर त्याची किंमत खरेदीखतात वेगळी लिहून घ्यावी. घराच्या खरेदीवरचा कर बायर्नमध्ये (बव्हेरियात) ३.५ टक्के, बर्लिन आणि हेसनमध्ये ६, तर नॉर्थ ऱ्हाइन वेस्टफालियात ६.५ टक्के आहे, आणि तो सुट्या सामानावर लागत नाही. ८,००० युरोचं किचन वेगळं दाखवलं तर या शेवटच्या राज्यातल्या ड्युसेलडॉर्फमध्ये ५२० युरो वाचतात. आकडा मात्र खरा हवा. जुनाट किचनला फुगवलेली किंमत लावली तर करखातं बिलं मागतं. शिवाय सामानापुरतं कर्ज द्यायला बँका कुरकुर करतात. नोटार (इथला नोटरी) सगळं खत मोठ्याने वाचून दाखवतो आणि जर्मन समजत नसेल तर दुभाष्या लागतो. तेव्हा किचनचं कलम तिथेच कान देऊन ऐकून घ्यावं.

भिंती रिकाम्याच मिळाल्या तर इथले बहुतेक मराठी लोक आधी आयकियाच गाठतात. म्हणून परीक्षण मेटोडचं, म्हणजे आयकियाच्या सुटी कपाटं जोडून उभ्या करायच्या किचनचं. आधीच सांगायचं तर कपाटं आणि ड्रॉवर डोळे मिटून घ्यावेत. नळ, डिशवॉशर आणि शेगडी मात्र आपल्या भिंतीतलं पाणी नि वीज पाहिल्याशिवाय घेऊ नये, मग ती तिथली असोत नाही तर दुसरीकडची.

मेटोडच्या कपाटांची खोकी, म्हणजे दारं-ड्रॉवर सोडून उरलेला सांगाडा, १८ मिमी पार्टिकल बोर्डची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची) असतात. ‘प्लाय का नाही?’ हा आपला पहिला प्रश्न. पुण्यातला सुतार वॉटरप्रूफ प्लायवर सनमायका मारून देतो, त्यामुळे बोर्ड म्हटलं की नाक मुरडलं जातं. पण नोबिलियासारखे जर्मन कारखानेही खोकी पार्टिकल बोर्डचीच करतात, तेव्हा आयकियाने इथे काही हात आखडता घेतलेला नाही. बोर्डाचा शत्रू पाणी, आणि तेही कापलेल्या कडेतून शिरणारं. कडा नीट बंद केल्या तर खोकी टिकतात. किचनवर २५ वर्षांची हमी आहे. बिजागऱ्या ऑस्ट्रियाच्या ब्लूम कंपनीच्या आहेत आणि आख्ख्या किचनमध्ये सगळ्यात शेवटी बिघडतील त्या याच. चुकीची जोडणी हमीत बसत नाही, म्हणून बिलाबरोबर जोडणीचे फोटोही जपून ठेवावेत.

खालची कपाटं ८० सेमी उंच, त्याखाली ८ सेमीचे पाय आणि वर २.८ किंवा ३.८ सेमीचा वर्कटॉप. म्हणजे ओटा जमिनीपासून ९१-९२ सेमीवर येतो. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या माणसाला पोळ्या लाटायला हा ओटा उंच पडतो. लाटण्यासाठी टेबलाच्या उंचीची जागा आराखड्यातच धरावी, नाही तर खांदे बोलायला लागतात. रुंदी २०, ३०, ४०, ६० आणि ८० सेमी एवढ्याच. जर्मन कंपन्यांकडे ४५, ५०, ९० मिळतात. २८५ सेमीच्या भिंतीवर मेटोडची बेरीज २८० पर्यंत जाते आणि उरलेले ५ सेमी फिलर पट्टीने भरावे लागतात. ते वाया गेले असं समजू नये. कोपऱ्यात आणि दाराच्या चौकटीजवळ अशी पट्टी लागतेच, नाही तर ड्रॉवर उघडताना त्याची मूठ शेजारच्या मुठीला किंवा चौकटीला अडते. भिंतीचं माप तीन उंचीवर घ्यावं: जमिनीलगत, ओट्याच्या उंचीवर आणि डोक्याच्या वर. जुन्या इमारतीत तिन्ही मापं सारखी आली तर टेप पुन्हा लावून बघावी.

आता मेटोडची खरी अडचण. जर्मन कंपन्यांच्या खालच्या कपाटांचा मागचा फळा थोडा पुढे असतो, त्याच्यामागे काही सेंटिमीटरची पोकळी राहते आणि त्यातून पाइप जातात. मेटोडमध्ये ही पोकळी जवळपास नाहीच. कपाट भिंतीवर ठोकलेल्या पट्टीवर लटकून भिंतीला चिकटतं. पाइप भिंतीच्या आत असतील तर प्रश्न नाही. पण जुन्या घरात ते भिंतीवरून आडवे गेलेले असतात. मग सगळी रांग चार-पाच सेमी पुढे ओढावी लागते आणि आयकियाचा तयार ६३.५ सेमी खोलीचा वर्कटॉप पुरत नाही. मापाने कापलेला जास्त खोलीचा मागवावा लागतो. तो परत करता येत नाही. म्हणून दुकानातल्या आराखड्यावर सही करण्याआधी पाइप भिंतीपासून किती बाहेर आलाय ते पट्टीने मोजून जावं. तिथला सल्लागार स्क्रीनवर सपाट पांढरी भिंत बघत असतो. तुमचा पाइप त्याला दिसत नाही.

डिशवॉशरचाही एक फास आहे. मेटोडचं दार ८० सेमी लांब आणि पाय झाकणारी खालची पट्टी फक्त ८ सेमी उंच. दुसऱ्या कंपनीचं साधं यंत्र घेऊन त्याला हे दार लावलं, तर दार उघडताना त्याची खालची कड आत वळते आणि पट्टीवर आदळते. दार अर्धंच उघडतं, लोक यंत्राला शिव्या देतात. यंत्राचा काही दोष नसतो. त्यावर दोन उपाय आहेत: दार उघडताना वर सरकवणाऱ्या बिजागरीचं मॉडेल घ्यायचं किंवा आयकियाचीच बेहयेल्प्लिग नावाची सरकती फिटिंग लावायची. उंचीत ८६.५ सेमीचं मोठं यंत्र घ्यावं. वर्कटॉपखाली ८८ सेमी जागा असते, ते नीट बसतं आणि कुकर, परात आत मावते. यंत्राच्या वर, वर्कटॉपच्या खालच्या अंगाला वाफरोधक पट्टी चिकटवायला विसरू नये. तीच पट्टी राहिली की दोनेक वर्षांत ओट्याची पुढची कड फुगलेली दिसते.

नळाचं तर फार लोकांना माहीतच नसतं. सिंकखाली ५ लिटरचा छोटा बॉयलर असेल, तर बहुतेक वेळा तो दाब न सोसणारा असतो. त्याला तीन नळ्यांचा, कमी दाबाचा ‘नीडरड्रुक’ नळच लागतो. दुकानातल्या फळीवर मांडलेले बहुतेक नळ दोन नळ्यांचे, जास्त दाबाचे असतात. तसा नळ लावला की पाणी तापून फुगतं, त्याला बाहेर वाट मिळत नाही आणि बॉयलर फुटतो किंवा गळायला लागतो. योग्य नळ लावल्यावर मात्र पाणी तापताना तोंडातून थेंब थेंब पडतात. फुगलेलं पाणीच बाहेर येत असतं. प्लंबरला बोलावू नका, नळ आवळूनही बसू नका.

शेगडीची ती जाड वायर पाच तारांची असावी. नव्या घरांत तीन फेजचं कनेक्शन असतं आणि चार झोनचं इंडक्शन साधारण ७.२ किलोवॅट ओढतं. काही जुन्या घरांत एकच फेज असतो. तिथे चारही झोन एका वेळी पूर्ण जोरात चालणार नाहीत. डब्यावर ‘आउटार्क’ लिहिलेलं असेल तर शेगडी आणि ओव्हन स्वतंत्र चालतात. शेगडी जाड वायर घेते, आणि ओव्हनला वेगळा १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. तो भिंतीत नसेल तर ओव्हन शोभेचा. जोडणी नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी आणि पावती जपावी. आग लागली तर विमा कंपनी आधी तीच मागते.

इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. लोहचुंबक बुडाला चिकटला तर भांडं चालेल, एवढी साधी चाचणी आहे. मध्ये खोलगट असलेला बिडाचा तवा काचेवर डुगडुगतो आणि चरे पाडतो, म्हणून सपाट बुडाचा घ्यावा. फुलका तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावा लागतो. भरताचं वांगं ओव्हनच्या ग्रिलखाली २५० अंशांवर मस्त भाजतं, मात्र सालीला टोचे मारायला विसरू नका. शेगडीखालचा ड्रॉवर गरम होतो, म्हणून मसाल्याचा डबा तिथे ठेवू नये.

चिमणीबाबत फार आशा नको. फ्लॅट तुमचा असला तरी बाहेरची भिंत सगळ्या मालकांची सामाईक. तिला भोक पाडायचं तर मालकांच्या सभेत ठराव हवा. म्हणून बहुतेक घरांत ‘उमलुफ्ट’, म्हणजे हवा कोळशाच्या फिल्टरमधून खोलीतच परत सोडणारी चिमणी लागते. १० चौरस मीटर आणि अडीच मीटर उंचीच्या खोलीत २५ घनमीटर हवा. ताशी दहा वेळा फिरवायची तर २५० घनमीटरची क्षमता पुरते, पण मोहरी-हिंगाच्या फोडणीला कोळसा लवकर दमतो. पुस्तिकेत काहीही लिहिलेलं असो, आपल्याकडच्या स्वयंपाकात फिल्टर तीन-चार महिन्यांनी बदलावा. बाहेर हवा सोडणारी चिमणी लावायची परवानगी मिळाली आणि घरात धुरांड्याला जोडलेला गॅसचा बॉयलर असला, तर खिडकी उघडल्याशिवाय चिमणी सुरू न होणारा स्विच लागतो. नाही तर जळलेला वायू घरात ओढला जातो. इथली धुरांडी तपासणारा माणूस हे पाहतोच.

वर्कटॉपमध्ये एकबाकेन (२.८ सेमी) आणि सेल्यान (३.८ सेमी) हे लॅमिनेटचे. लांबी १८६ किंवा २४६ सेमी. पांढरा घेतला तर हळद बसते. ती घासण्यापेक्षा उन्हात फिकी पडू द्यावी, पडते. सिंकसाठी कापलेल्या कडेला सिलिकॉनचा पूर्ण थर द्यावा. भुसा झटकून, कड कोरडी करून, मगच.

ड्रॉवर मात्र मनापासून आवडण्यासारखे. ८० सेमी उंचीत ४०, २०, २० अशी वाटणी केली तर खालच्या खणात पिठाची मोठी पिशवी नि कुकर, मधल्यात डाळींचे डबे आणि वरच्यात चमचे-डाव-उलथनी. वाकून आत हात घालायचा त्रासच नाही. वरची कपाटं ३७ सेमी खोल, त्यांत ३० सेमीची स्टीलची ताटं आरामात बसतात. टांगायची पट्टी २ मीटरची येते, पण भिंतीत मारायचे स्क्रू सोबत येत नाहीत. विटेला, काँक्रीटला आणि जिप्समच्या पोकळ भिंतीला डॉवेल (भोकात स्क्रू पकडून ठेवणाऱ्या गुल्ल्या) वेगवेगळे. भिंतीवर टकटक करून बघून मगच दुकानात जावं. ड्रिल रविवारी आणि सुट्टीला अजिबात नाही, रात्री १० ते सकाळी ६ नाही, आणि अनेक इमारतींत दुपारी १ ते ३ ही नाही. दोन जणांनी सात-आठ कपाटांची रांग उभी करायला एक शनिवार पुरत नाही, दोन धरावेत.

इलेक्ट्रिशियन येईल त्याच दिवशी मिक्सरही त्याच्यापुढे ठेवावा. व्होल्ट आणि हर्ट्झ भारतासारखेच, २३० आणि ५०. फक्त तीन गोल पिनांचा प्लग इथल्या शुको सॉकेटमध्ये जात नाही, आणि स्वस्तातले ॲडॉप्टर बऱ्याचदा अर्थिंग पुढे नेतच नाहीत. धातूच्या भांड्याचा ७५० वॅटचा मिक्सर, शेजारी ओला ओटा. प्लग कापून शुको बसवायला त्याला पाच मिनिटं लागतात.