मासळी आणि चिरे वाहणाऱ्या पिकअपच्या हौद्याला काय लावावं

जुन्या गाडीच्या हौद्यातली रबर मॅट उचलली तेव्हा माझा अंगठा पत्र्यातून आरपार गेला. खाली मिरकरवाड्याच्या जेटीचं काँक्रीट दिसत होतं. वरून मॅट अगदी नव्यासारखी होती. रोज धुतलेली, कुठे चीर नाही. आणि तिच्याखाली पत्रा पापडासारखा पोपडे धरून सुटत होता. गाडीला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती आणि मॅट बसवून चौदा महिने.

म्हणून नवीन गाडीच्या वेळी हौद्याला काय लावायचं हा विषय मी स्वतःकडे घेतला. गाडी आमचे हे चालवतात, पण हप्ता, डिझेल, बर्फ, सगळा हिशेब माझ्याकडे असतो. रत्नागिरीत पिकअप घेणारे ओळखीचे लोक हल्ली मलाच विचारतात, तेव्हा एकदा सविस्तर लिहितेय.

आमची बोलेरो पिकअप आहे, नऊ फुटी हौदा. पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर करत कोल्हापूरला मासळी जाते. बांगडा, सुरमई, म्हाकूल, जे मिळेल ते. वारा सुटला आणि बोटी बंदरातच राहिल्या की ते दिवस जांभ्याच्या चिऱ्यांचे. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी, तेव्हा खताच्या गोणी आणि कलमं. म्हणजे एकाच हौद्याला खारं पाणीही सोसायचंय आणि दगडही. नुसता भाजीपाला किंवा किराणा वाहणाऱ्याला एवढा विचार करायची गरज नाही, त्याने साधी मॅट टाकावी आणि आठवड्याला उचलून झाडावी.

पहिल्या वेळी आमचं चुकलं ते असं. दुकानदार म्हणाला, "चिकटवून देतो, खाली पाण्याचा थेंब जाणार नाही." आम्ही हो म्हटलं. दोन महिन्यांत फाळक्याकडची, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेकडची, कड सुटली. तिथून बर्फाचं पाणी आत जायला लागलं, पण बाहेर यायला वाट कुठे होती? समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. क्रेट जेटीवर त्याच पाण्याने खंगाळलेले असतात, मासळीबरोबर ते हौद्यात येतं आणि मॅटखाली मुरत बसतं. वाळूचे कण आत शिरतात, गाडी हलते तशी मॅट त्या कणांवर घासते आणि कंपनीचा रंग निघून जातो. उघड्या लोखंडावर मीठ बसल्यावर गंजायला किती वेळ लागणार! पत्रा बदलून, खालचे दोन क्रॉस मेंबर (हौद्याला तोलणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या) जोडून घ्यायला अठरा हजार गेले, वर सहा दिवस गाडी उभी राहिली ते वेगळंच.

तेव्हापासून दुकानात शिरल्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ह्याच्या खाली गेलेलं पाणी बाहेर कुठून येणार? जाडी, गॅरंटी, रंग, सगळं नंतर.

नव्या गाडीला बहुतेकांनी लोखंडी चेकर प्लेट, म्हणजे उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा, सुचवली. चिऱ्यांसाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही, हे मान्य. पण ३ मिलिमीटरची प्लेट आमच्या हौद्याच्या तळाला घातली तर वजन शंभर-सव्वाशे किलो होतं. बर्फासकट मासळीचा एक क्रेट तीस किलो धरला तर प्रत्येक खेपेला चार क्रेट घरी ठेवायचे, नाहीतर ओव्हरलोड जायचं. त्यात ती वेल्डिंग करून बसवतात. वेल्डिंगच्या जागी रंग जळतो आणि गंज तिथूनच धरतो.

मग ॲल्युमिनियमची प्लेट. हलकी, दिसायला देखणी, मला मनापासून आवडली होती. माझा भाऊ बोटींच्या इंजिनांची कामं करतो. त्याने एका वाक्यात निकाल लावला. बोटीच्या पंख्याजवळ जस्ताचा तुकडा बसवतात तो कशाला? खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यातला एक झिजतो, म्हणून पंख्याऐवजी जस्त झिजू द्यायचं. लोखंडी हौद्यावर ॲल्युमिनियम टाकलंस तर ते तुझ्या हौद्याचं जस्त होईल, म्हणाला. सुक्या मालाच्या गाडीला चालेल, मासळीच्या नाही. तो विषय तिथेच संपला.

प्लॅस्टिकचा जाड शीट आम्ही खरोखर महिनाभर वापरला, माझ्या दिराच्या गाडीतून काढून आणलेला. धुवायला सोपा, वजन नाहीच. पण ओला झाला की बर्फासारखा गुळगुळीत. आंबा घाट चढताना पुढचे क्रेट सरकून फाळक्यावर येऊन आदळायचे. एकदा दोन क्रेट म्हाकूल हौद्यातच उलटलं, आणि कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने भाव पाडला. दोर बांधून बघितलं, मध्ये लाकडी फळी अडकवून बघितली, पण रात्री दोन वाजता जेटीवर घाईत माल भरताना हे सोपस्कार कोण करणार?

प्लॅस्टिकच्या अशा शीटबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. बागेतल्या ग्रासकटरला पेट्रोल लागतं आणि बरेच जण कॅन हौद्यातच ठेवून पंपावर भरून घेतात. पेट्रोल ओतताना स्थिर वीज तयार होते. कॅन प्लॅस्टिकवर असेल तर तिला जमिनीत उतरायला वाट राहत नाही आणि ठिणगी पडू शकते. अमेरिकेत अशा आगी लागल्यावर तिथल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये इशाराच काढला होता. कॅन खाली उतरवा, जमिनीवर ठेवा आणि मगच भरा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

शेवटी घेतलं ते फवाऱ्याने मारायचं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग. दोन रसायनं बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात आणि पत्र्यावर पडल्यावर बघता बघता घट्ट होतात. साधारण तीन मिलिमीटरचा रबरी थर बसतो. तो पत्र्यालाच धरून असतो, मध्ये फट नाही, म्हणून पाणी साठायला जागाच नाही. मला पटलं ते एवढ्याचसाठी.

कोल्हापूरला हे काम करणाऱ्या मिस्त्रीकडे आम्ही जुलैमध्येच चौकशी केली होती, तेव्हा खताच्या खेपा होत्या. मिस्त्रीने आमच्याकडून पैसे घ्यायचे सोडून आम्हाला परत पाठवलं. म्हणाला, "वैनी, पावसात नगा करू. पत्रा घाम सोडतोय. आज चिकटंल, सा म्हयन्यानं फुगा धरंल." माझा त्या माणसावर विश्वास बसला तो त्या क्षणी. दिवाळीच्या पाडव्यानंतर गाडी नेली. ऐन हंगामातले दोन दिवस बुडाले, पण काम कोरड्यात झालं.

मी दोन्ही दिवस तिथेच बसून होते आणि ते बरं झालं. पहिला अख्खा दिवस नुसत्या तयारीत गेला: सँडब्लास्टिंग करून, म्हणजे जोराच्या हवेने बारीक कण मारून, पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, मग प्रायमर. फवारा मारायला दोन तासही लागले नाहीत. कोणी सकाळी गाडी घेऊन दुपारी परत देतो म्हणाला, तर तयारी होणार नाही हे धरून चाला. फवाऱ्याआधी हौद्याच्या तळाची पाणी जायची भोकं बुजू नयेत म्हणून त्यांत बूच मारायला लावले. पोऱ्या विसरला होता, मी स्वतः मोजून दाखवली. ती भोकं बंद झाली असती तर हौद्याचा हौदच झाला असता.

रंग काळा न घेता राखाडी घेतला. मेच्या उन्हात काळा हौदा तापतो, आणि हापूसच्या पेट्या त्यात तीन-चार तास असतात. तळ आणि चारी बाजू मिळून अठ्ठ्याऐंशी चौरस फूट भरलं, चोवीस हजार रुपये दिले. रक्कम मोठी आहे. पण जुन्या गाडीच्या पत्र्याला काय गेलं ते वर लिहिलंच आहे.

आता दीड वर्ष झालं. क्रेट सरकत नाहीत, घाटातसुद्धा. धुतल्यावर वास राहत नाही. दर पंधरा दिवसांनी हे गाडीखाली शिरून पान्याने तळाचा पत्रा ठोकून बघतात. सगळीकडे खणखणीत आवाज येतो. जुन्या गाडीत तो बद्द यायचा, पण तेव्हा त्याचा अर्थ आम्हाला कळला नव्हता.

तक्रारी आहेत. थर खरखरीत असल्यामुळे माशांचे खवले त्यात अडकतात, नुसत्या पाइपने जात नाहीत. काथ्याचा ब्रश लागतो आणि रोजची दहा मिनिटं जास्त. आज करायचं असतं तर खरखर थोडी कमी ठेवायला सांगितली असती. उन्हाने रंग फिका पडलाय, त्याचं मला काही वाटत नाही. आणि चिऱ्यांपुढे हे कोटिंग एकटं पुरत नाही. एक चिरा तीस किलोच्या आसपास, मजूर तो वरून सोडतो तेव्हा कोपराच टेकतो. म्हणून चिऱ्यांच्या दिवशी गोठ्यात गायींखाली घालतात त्या जाड रबर मॅट अंथरतो. चिकटवायच्या नाहीत, नुसत्या टाकायच्या. जड आहेत, दोघांनी धराव्या लागतात. चिरे उतरले की त्याच दिवशी मॅट बाहेर, हौदा गोड्या पाण्याने धुवायचा, मॅट उन्हात वाळवायच्या. संध्याकाळी कंटाळा येतो, मला माहीत आहे. तरी त्या आत ठेवून झोपायचं नाही.

फाळक्याजवळ एका जागी लोखंडी पहार पडून नखाएवढा टवका उडालाय, खालचं लोखंड दिसतं. तिथे सध्या प्रायमर लावून ठेवलाय. मेच्या शेवटी आंब्याची शेवटची खेप कोल्हापूरला उतरली की, पाऊस लागायच्या आत, मिस्त्रीकडून तेवढाच तुकडा भरून घेणार आहे.