दहाच्या पटीने गुणाकार: शून्य लावायला शिकवावं, की दशक मोजायला?

६ × ७० असं विचारल्यावर मुलाने झटकन ४२० लिहिलं, तर उत्तर बरोबरच आहे. पण ते आलं कुठून, हे वहीवरून कळत नाही. ‘सहा साते बेचाळीस, पुढे शून्य’ असं म्हणून आलं असेल, किंवा ‘सात दशक सहा वेळा, म्हणजे बेचाळीस दशक’ असा विचार करून. उत्तर एकच येतं, म्हणून बरेच पालक आणि शिक्षक पहिला, लवकर उरकणारा रस्ता धरतात. कोणता रस्ता धरला होता, हे पुढच्या इयत्तांमध्ये उघड होतं.

पारख करायला तीन गणितं घेऊ या: ६ × ७०, ५० × ६० आणि २.५ × १०. प्रत्येक पद्धतीला हीच तिन्ही सोडवायला लावू.

शून्याची युक्ती पहिलं गणित चुटकीसरशी सोडवते. दुसऱ्यात मात्र मुलं हमखास अडखळतात. पाच सक तीस. तीसमध्ये एक शून्य आधीच आहे. मुलाला वाटतं, दोनपैकी एक शून्य तर आलंच, आता एकच लावायचं. उत्तर लिहिलं जातं ३००, हवं असतं ३०००. तिसऱ्या गणितात तर नियम तंतोतंत पाळूनच चूक होते: २.५ च्या पुढे शून्य लावलं की २.५०, म्हणजे संख्या होती तीच राहिली. इथे मुलाला दोष देऊ नये. आपण दिलेला नियम पूर्ण संख्यांपुरताच होता आणि ते आपण सांगितलं नव्हतं.

शब्दांचाही घोटाळा आहे. ‘पुढे एक शून्य मिळव’ असं आपण सहज बोलून जातो. पण बेरीज शिकवताना ‘मिळवणे’ हाच शब्द वापरलेला असतो, आणि ४२ मध्ये शून्य मिळवलं तर ४२ च राहतात. विचार करणारं मूल इथे गोंधळतं आणि न विचार करणारं पुढे जातं, हे मला फार खटकतं.

दशकांच्या पद्धतीत ७० कडे ‘सात दशक’ म्हणून पाहायचं. दहा-दहा काड्यांचे सात गठ्ठे, असे सहा ढीग. एकूण बेचाळीस गठ्ठे. दहा गठ्ठ्यांचं एक शतक, म्हणजे चार शतक आणि दोन दशक: ४२०. शून्य इथेही आलं, पण ‘सुटं काहीच उरलं नाही’ या अर्थाने आलं. खाली दडलेला नियम साहचर्याचा आहे: ६ × (७ × १०) = (६ × ७) × १०. मुलाला हे नाव कळायची गरज नाही, गठ्ठे दिसले की पुरे.

मराठीत मात्र या पद्धतीला एक अडथळा आहे. वीस म्हणताना दोन ऐकू येत नाही, नव्वद म्हणताना नऊ पुसटसा येतो. ‘साठ म्हणजे सहा दशक’ ही गाठ त्यामुळे मुद्दाम बांधावी लागते. सुदैवाने ती बांधणारी ओळ आपल्या पाढ्यांतच आहे. प्रत्येक पाढा ‘दाहे’वर संपतो: सहा दाहे साठ, सात दाहे सत्तर, बारा दाहे एकशे वीस (जुन्या चालीत विसासे). मुलं ही ओळ पाढा संपल्याच्या आनंदात म्हणून टाकतात. तिथेच थांबवून ‘म्हणजे एकशे वीसात किती दशक?’ असं विचारलं, तर वेगळा धडा घ्यायलाही नको.

दुसऱ्या गणितात ही पद्धतही एका जागी कच्ची पडते. पाच दशक गुणिले सहा दशक म्हटल्यावर मूल ‘तीस दशक’ म्हणतं आणि पुन्हा ३०० वर येतं. दशकाला दशकाने गुणलं की शतक मिळतं, हे गठ्ठ्यांनी पटवणं अवघड आहे. इथे आयत काढावा. चौकटीच्या कागदावर एक बाजू ५० घरांची, दुसरी ६० घरांची. दर दहा घरांवर ठळक रेघ. १० × १० चे तीस मोठे चौकोन दिसतात, प्रत्येकात १०० घरं. तीस शतक म्हणजे ३०००. हे चित्र मुलाने स्वतः एकदा काढलं, तर शून्यं मोजत बसावं लागत नाही.

२.५ × १० साठी स्थानांचा तक्ता सरस. दहाने गुणलं की प्रत्येक अंक एक घर डावीकडे सरकतो: एककातले २ दशकात, दशांशातले ५ एककात, उत्तर २५. दशांश अपूर्णांक जवळ आले असतील तेव्हा हा तक्ता काढावा. त्याआधी त्याची घाई नको.

एक चौथं गणित निवड करताना लक्षात ठेवा: २३ × ४६. उभ्या मांडणीत दुसऱ्या ओळीच्या उजवीकडे शून्य किंवा फुली देतात. ती का, हे अनेक मुलांना ठाऊक नसतं. चार म्हणजे चार दशक हे पक्कं असलेलं मूल २३ × ४० = ९२० लिहितं, पहिल्या ओळीचे १३८ धरून १०५८ काढतं आणि फुलीचा अर्थ त्याला आपोआप कळतो.

म्हणून माझा कौल दशकांना, आणि दशक गुणिले दशक आलं की आयताला. शून्याची युक्ती वर्ज्य नाही. ३८ × २१ चा अंदाज ४० × २० = ८०० असा तोंडी काढायला ती लागतेच. फक्त ती आपण सांगू नये. ७ × ३, ७ × ३०, ७ × ३०० अशा ओळी एकाखाली एक लिहायला द्या, मूल स्वतःच बोलून दाखवतं. पाढे कच्चे असतील तर २, ३ आणि ५ याच आकड्यांवर काम करा, नाहीतर अडलेला पाढा आणि न कळलेलं दशक यांतला फरक कळत नाही.

आणि काहीही सुरू करण्याआधी मुलाला विचारा: १२० मध्ये एकूण दशक किती? ‘बारा’ आलं तर थेट ४ × ३० कडे जा. ‘दोन’ आलं, तर त्याने दशकस्थानचा अंक वाचला आहे. गुणाकार बाजूला ठेवून काही दिवस गठ्ठे बांधा आणि सोडा.